गटारी, वडे आणि काँट्री

गटारीला हॉटेलबाहेर रांग लावायची नाही, हा आमच्या चौकडीचा नियम. वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुटलं की थेट माझा वन रूम किचन. तिकडे घरी आई दिव्याच्या अवसेचे दिवे घासते, इकडे आम्ही कोंबडी धुतो!

यंदा आमचा मालवणी पाच महिन्यांनी आला. एमआयडीसीच्या या पहिल्या वसाहतीतले बरेच कारखाने गेले, काचेची ऑफिसं आली. पण नोकरी जायची ती जातेच. त्याची मार्चमध्ये गेली. मग प्रत्येक प्लॅनला ‘बरं नाहीये रे’. काँट्रीला पैसे नाहीत, हे आमच्या डोक्यात शिरायला मे उजाडला. नालायक आम्हीच.

सोमवारपासून नवा जॉब, म्हणून कोंबडी त्यानेच आणली. वड्यांचं पीठ गावाहून आलेलं: तांदूळ, उडीद, धणे, मेथी. मी खोबरं करपवलं, त्याने शिव्या घालत वाटण पुन्हा केलं. किती दिवसांनी त्याच्या शिव्या ऐकल्या! माझे वडे चपटे, त्याचा एकेक टम्म.

बारानंतर श्रावण, म्हणून साडेअकराला घाईघाईत ताटं घेतली.

“आता महिनाभर उपास!”

“मला सवय झालीय,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग आम्हीही.

रस्सा खारट झाला होता. कुणी बोललं नाही.