भाव सुटले तेव्हा

आमच्या पिढीने रशिया पाहिला नाही, वाचला. मॉस्कोहून छापून येणारी मराठी पुस्तके इतकी स्वस्त असत की प्राथमिक शिक्षकालाही ती परवडत. सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदांची कव्हरे आम्ही वह्यांना घालत असू. अण्णाभाऊ साठे १९६१ साली तिकडे जाऊन आले, त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, यांच्या डफावरही कष्टकऱ्यांच्या राज्याचेच स्वप्न होते. म्हणून २५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह पायउतार झाले तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही चर्चा झाली. कुणी हळहळले. कुणी म्हणाले, 'खुदाला न मानणारी सत्ता, कोसळणारच होती.' पण तिथल्या साध्या माणसांचे पुढे काय झाले, हे फार थोड्यांनी विचारले.

२ जानेवारी १९९२ रोजी सरकारने बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे सोडले. रिकामी दुकाने मालाने भरली, पण वर्षभरात भाव सुमारे सव्वीस पटींनी वाढले. आयुष्यभर बचत बँकेत साठवलेल्या रुबलांची किंमत मातीमोल झाली. हजसाठी किंवा मुलीच्या निकाहसाठी पै-पै जमवणाऱ्या आपल्या माणसांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. म्हाताऱ्या बायका घरातली भांडी, बूट, शाली घेऊन फुटपाथवर रांगेने विकायला उभ्या राहिल्या. शिक्षिका आणि इंजिनियर मोठाल्या चौकड्यांच्या पिशव्या घेऊन तुर्कस्तानला, चीनला जाऊन कपडे आणू लागल्या. कारखान्यांत महिनोन्‌महिने पगार होत नसे. काचसामानासाठी प्रसिद्ध असलेल्या गूस-ख्रुस्ताल्नी गावात तर पगाराऐवजी काचेची भांडी मिळत, ती कामगार रस्त्यावर विकत. शहराबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यात लावलेल्या बटाट्यांनी कित्येक घरे जगवली.

सरकारी मालमत्ता सर्वांची होती, म्हणून १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रुबलचे व्हाउचर दिले गेले. भुकेल्या माणसाने ते मिळेल त्या भावाने विकले. तेल आणि निकेलच्या मोठ्या कंपन्या १९९५ नंतर मूठभर धनिकांच्या हाती गेल्या. १९९० च्या सुमारास रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होते, ते १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आले. दारू होती, पण दारूमागे बेकारी होती आणि उद्याची धास्ती होती. १७ ऑगस्ट १९९८ रोजी सरकारने कर्जफेड थांबवली, रुबल पुन्हा कोसळला. पुढे तेलाचे भाव चढले, पगार-पेन्शन वेळेवर होऊ लागले आणि त्या बदल्यात पुतिन यांची एकहाती सत्ता अनेकांनी मुकाट्याने मान्य केली. पोटाचा हा व्यवहार आपल्याला अनोळखी नाही.

आमच्या नात्यातला एक मुलगा डॉक्टरकी शिकायला कझानला गेला. सोव्हिएत काळात त्या अख्ख्या शहरात मर्जानी ही एकच मशीद चालू राहिली होती. १५५२ मध्ये इव्हानच्या फौजांनी शहर जिंकले तेव्हा उद्ध्वस्त झालेल्या मशिदीच्या आठवणीत तिथे कुल शरीफ मशीद उभी राहिली, ती २००५ साली खुली झाली. मुलाने फोटो पाठवले तेव्हा घरातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग फोनवर त्याने सांगितले, 'चाचा, रस्ते झाडणारे, इमारती बांधणारे बरेचसे ताजिक, उझबेक. पोलीस त्यांनाच अडवून कागद मागतात.'

ही माणसे किंवा त्यांचे आईबाप १९९१ पर्यंत त्याच देशाचे नागरिक होते. देश फुटला, तिकडचा रोजगार गेला आणि पोटासाठी ती मॉस्कोला आली, परदेशी म्हणून. २०१५ मध्ये मॉस्कोची मोठी मशीद नव्याने बांधून खुली झाली. ईदला तिच्याभोवतीचे रस्ते सफांनी भरून जातात. पण मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात अतिरेक्यांनी निरपराधांचे बळी घेतले, त्यानंतर या मजुरांवरच्या धाडी आणि हद्दपाऱ्या वाढल्या. थोड्यांच्या गुन्ह्याची झडती सगळ्यांना द्यावी लागली.

जुन्या राज्यात नोकरी होती, दवाखाना होता, पण मनातले बोलायची आणि सजदा करायची मोकळीक नव्हती. नव्यात सजदा करता येतो, पण दुसऱ्या दिवशी काम असेल की नाही, सांगता येत नाही. यातले एकच निवडा, असे गरिबाला का म्हणावे? अमर शेखांच्या डफाने मागितले होते ते पोटभर अन्न आणि ताठ मान, दोन्ही. आम्ही आजही दोन्हीच मागतो.