कॅलथ्रॉपची दुसरी गाडी

कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, बोचकी सांभाळत पलीकडे पळायचं आणि बार्शी लाइटच्या छोट्या डब्यात जागा धरायची, यातच आमचं बालपण गेलं. आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला निघालो की डब्यात पाय ठेवायला जागा नसे. वारकरी थेट छपरावर. यार्डात हमाल छोट्या वाघिणीतली भुईमुगाची पोती पाठीवरून मोठ्या वाघिणीत टाकत. त्यांच्या खांद्यावरचं घामाने काळं पडलेलं गोणपाट अजून डोळ्यांसमोर आहे.

१८९७ साली सुरू झालेली ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची, हे पुष्कळ उशिरा कळलं. बार्शीचाच कित्ता त्याने मायदेशी, स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात गिरवला. गेज तेच, अडीच फूट. इंजिनंही लीड्सच्या किटसन कारखान्यातली. ती गाडी जून १९०४ मध्ये धावू लागली. शेवटचं स्टेशन ह्यूम एंड.

लेकीकडे मँचेस्टरला गेलो तेव्हा जावईबापूंना गळ घालून ते पाहून आलो. गाव कसलं, चार घरं! स्टेशनाच्या नावात शीन आणि हार्टिंग्टन ही आसपासची गावंही जोडून घेतलेली. गाडीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे दूध. मोठ्या गेजची वाघीण जशीच्या तशी छोट्या गाड्यावर चढवून न्यायची सोय कॅलथ्रॉपने तिथे केली होती. आमच्या हमालांच्या नशिबी ती कुठली! पण एक्टनची डेअरी बंद पडली, रस्त्यावर मोटारी आल्या. सुटीतल्या सहलकऱ्यांवर गाडी किती दिवस चालणार? मार्च १९३४ मध्ये स्टेशनाला कुलूप लागलं. तिशीही गाठली नाही.

बार्शी लाइट मात्र १९११ला लातूरला, १९२७ला मिरजेला पोचली, १९५४ला सरकारजमा झाली आणि शंभरी ओलांडून गेली. माझ्या मते याचं श्रेय कॅलथ्रॉपइतकंच विठोबाला. त्या हिरव्यागार खोऱ्यात सगळं होतं, एकादशी नव्हती.

मागची व्यवस्था मात्र त्यांनी चांगली लावली. रुळांच्या जागी १९३७ मध्ये पायवाट झाली, तिकीट कचेरीत आज माहिती केंद्र आहे. आपल्याकडे ब्रॉडगेज आलं, उत्तमच झालं. पण लातूरकडे जाताना नवे रूळ धाराशिववरून वळले आणि जुन्या वाटेवरची काही लहान स्टेशनं मागे पडली. त्यांतल्या एखाद्यावर तरी कॅलथ्रॉपच्या नावाचा फलक लावा, एवढीच त्या भागातल्या मंडळींना विनंती.