उमेदवारीचा प्रश्न
नव्या यंत्राला होणारा विरोध म्हणजे बदलाची भीती, असे मानण्याची घाई अनेकदा केली जाते. परंतु अमेरिकेतील पटकथालेखकांच्या ‘रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका’ या संघटनेचा २ मे २०२३ रोजी सुरू झालेला आणि १४८ दिवस चाललेला संप वेगळेच सांगतो. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, म्हणजे अफाट मजकुरावरून भाषेची वळणे शिकणाऱ्या संगणकप्रणालीकडून, पहिला खर्डा करून घ्यायचा आणि लेखकाला केवळ पुनर्लेखनाचा कमी मोबदला द्यायचा, ही धास्ती त्या लढ्यातील एका प्रमुख मागणीमागे होती. अशा प्रथेची झळ नवोदितांना अधिक बसते, कारण खर्डा लिहिणे, तो ज्येष्ठांकडून तपासून घेणे आणि पुन्हा लिहिणे हीच त्यांची उमेदवारी असते आणि तीच हिरावली गेली तर उद्याचे जाणकार घडणार कोठे, हा प्रश्न उरतो. संपाअखेरच्या करारात यंत्रावर सरसकट बंदी नव्हती; कंपनीच्या संमतीने लेखक ते वापरू शकत होता, मात्र कंपनी त्याच्यावर तशी सक्ती करू शकत नव्हती आणि यंत्रनिर्मित मजकूर हाती देताना तसे सांगणे तिच्यावर बंधनकारक होते. तेव्हा कोणत्याही कार्यालयातील तरुणांनी यंत्राला दिलेल्या नकाराला आडमुठेपणा न समजता, यंत्राविषयीच्या निर्णयात त्यांना वाटा देणे हेच न्याय्य आणि शहाणपणाचे आहे.