लॉग : ओंडक्यापासून नोंदवहीपर्यंत

१/ संगणकावर 'लॉग-इन' करताना लाकडाचा ओंडका कोणाला आठवत नाही. तरी 'लॉग' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ओंडका हाच. ओंडक्याची नोंदवही झाली ती समुद्रावर.

२/ भर समुद्रात ना मैलाचा दगड, ना वाटेवरचे झाड. मग जहाजाचा वेग मोजायचा कसा? खलाशी दोरीला बांधलेला लाकडी तुकडा जहाजाच्या मागच्या टोकावरून पाण्यात टाकीत. लाकूड मागे राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ साली या पद्धतीचे वर्णन केले आहे.

३/ पुढे दोरीला ठरावीक अंतरावर गाठी आल्या. वाळूचे छोटे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकत, तितके सागरी मैल ताशी वेग. म्हणून वेगाचे एकक 'नॉट', म्हणजे गाठ. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. 'तास' त्यातच आला. म्हणून 'ताशी दहा नॉट' म्हणणे चूक.

४/ वेग, दिशा आणि वेळ आधी पाटीवर, मग वहीत उतरे. ती वही 'लॉग-बुक'. जहाज या क्षणी कुठे आहे, हे त्या नोंदींवरूनच ताडले जाई.

५/ या पद्धतीत एक उणीव होती. लाकूड स्थिर आहे असे गृहीत धरले जाई. पण सागरी प्रवाह लाकूड आणि जहाज दोघांनाही सोबतच वाहून नेई. दोरीला त्याचा पत्ता लागत नसे. रोजची लहानशी चूक वहीत साचत जाई.

६/ १७०७ च्या ऑक्टोबरात ॲडमिरल क्लाउड्सली शोव्हेल यांचा इंग्रज काफिला मायदेशी परतत होता. जहाजांचे स्थान चुकीचे ताडले गेले आणि रात्रीच्या अंधारात चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली. हजारांहून अधिक माणसे बुडाली; स्वतः ॲडमिरलही वाचले नाहीत. सात वर्षांनी, १७१४ मध्ये, समुद्रावर रेखांश शोधण्याच्या उपायासाठी ब्रिटिश संसदेने मोठे इनाम जाहीर केले.

७/ आज विमानाचा आणि चक्रीवादळाचा वेग नॉटमध्येही सांगतात. 'वेबलॉग'चा 'ब्लॉग' झाला. लाकूड गेले, दोरी गेली, नोंद राहिली. मराठीत लक्षात ठेवण्यासाठी खूणगाठ बांधतात. खलाशांच्या गाठी वेग मोजण्यासाठी होत्या; मात्र गाठी बरोबर मोजूनही वाट चुकू शकते, हे त्यांना सिलीच्या खडकांनी शिकवले.