सहा फ्रेमचं गणित

जून लागला की ढोल-ताशा पथकांच्या आणि गणेश मंडळांच्या टी-शर्टची कामं सुरू होतात, आणि टी-शर्ट छापणारी आम्ही मंडळी एकमेकांना हमखास विचारतो, "सेपरेशनला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या मशीनवर रंग किती बसतात?"

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एका फ्रेममधून एकच शाई उतरते. म्हणून चित्रातले रंग सुटे करायचे (हेच सेपरेशन), प्रत्येकाची वेगळी फिल्म काढायची, फ्रेम एक्स्पोज करायची आणि एकावर एक अचूक बसवत छापायचं. संगणकाच्या फार आधीपासून हे काम चालत आलं आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथे देवदेवतांच्या चित्रांसाठी प्रत्येक रंगाचा छपाईचा दगड वेगळा असे. पदराचा गुलाबी रंग कोणकोणत्या दगडांवर किती वाटायचा, हे कारागीर नजरेने ठरवत. आज तो निर्णय सॉफ्टवेअर काही सेकंदांत घेतं. तो बरोबर आहे की नाही, हे पारखायला नजर मात्र अजूनही लागतेच.

नुसती अक्षरं, लोगो आणि सपाट रंग छापणाऱ्याने वेगळ्या सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नये. कोरलड्रॉमधून रंगवार फिल्म निघतात, तेवढं पुरतं. खरी गरज पडते ती फोटोसारख्या चित्रात, त्यातही गडद कपड्यावर. चार रंगांची नेहमीची प्रोसेस पांढऱ्या कपड्यावर चालते, कारण तिच्या शाया पारदर्शक असतात. काळ्यावर त्या दिसतच नाहीत. तिथे सिम्युलेटेड प्रोसेस लागते. म्हणजे खाली बेस व्हाइट, वर अपारदर्शक शायांचे ठिपके आणि शेवटी उजेडाच्या जागी हायलाइट व्हाइट.

काळ्या टी-शर्टवर शिवाजी महाराजांचं चित्र छापायचं आहे असं धरा. ऑटोमॅटिक सेपरेशनचं बटण दाबलं की आठ-दहा चॅनेल, म्हणजे सुटे केलेले रंग, समोर येतात. मशीन सहा रंगांचं. मग काय गाळायचं? काळा चॅनेल आधी गाळावा. कपडाच काळा आहे, दाढी आणि सावली त्यातूनच येते. तिथला बेस कोरून काढला की काळं आपोआप दिसतं. निळा आणि हिरवा या चित्रात नावापुरते असतात, तेही जातात. उरतात बेस, पिवळा, भगवा, लाल, तपकिरी आणि हायलाइट. चेहऱ्याचा वर्ण या मधल्या चार शायांच्या ठिपक्यांतून तयार होतो, आणि बेस गालावर किती दाट ठेवता यावर तो जिवंत दिसतो की पिठूळ, हे ठरतं. बेस कडेने थोडा आतही घ्यावा लागतो. ३०० रिझोल्यूशनला दोन पिक्सेल म्हणजे ०.१७ मिलिमीटर. तेवढं केलं नाही तर फ्रेम जराशी हलताच टोपाभोवती पांढरी रेघ डोकावते.

हे सगळं हाताने बदलू देणारं सॉफ्टवेअर मला चांगलं वाटतं. चॅनेल काढता यावा, दोन चॅनेल एकत्र करता यावेत, छपाईचा क्रम बदलून चित्र पाहता यावं. अल्ट्रासेप्स फोटोशॉपच्या आत चालतं, सेपरेशन स्टुडिओ स्वतंत्र चालतं. फोटोशॉपच्या चॅनेलवर ज्याचा हात बसला आहे, त्याला पहिलं सोयीचं जातं.

फिल्मचे ठिपके हा वेगळा विषय आहे आणि दुकानदाराकडून तो हमखास सांगायचा राहतो. फिल्म काढणारा साधा इंकजेट प्रिंटर स्वतःहून हाफटोन, म्हणजे छटांचे ठिपके, पाडत नाही. त्याला रिप, म्हणजे ठिपके पाडून देणारं सॉफ्टवेअर, लागतं, नाहीतर प्रत्येक चॅनेल फोटोशॉपमध्ये बिटमॅप करून ठिपके पाडावे लागतात. म्हणून रिपचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. ठिपके किती बारीक हवेत, ते फ्रेमवरची जाळी ठरवते. इंचाला ४५ ओळी हव्या असतील तर जाळीत इंचाला त्याच्या साडेचार पट, म्हणजे साधारण २०० धागे हवेत. आपल्या बाजारात त्याच्या जवळची जाळी ७७ टी, म्हणजे सेंटिमीटरला ७७ धाग्यांची. शिवाय कपड्यावर ठिपका पसरतो. फिल्मवरचा ५० टक्क्यांचा ठिपका सहज ६५ टक्क्यांचा होतो. स्क्रीनवरच्या प्रीव्ह्यूला यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून नुसत्या प्रीव्ह्यूवर भाळून कुणी पैसे मोजू नयेत.

सॉफ्टवेअर पारखताना विकणाऱ्याचं डेमो-चित्र कधीच घेऊ नका. ते छान छापलं जावं म्हणूनच निवडलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं तुमच्या गिऱ्हाइकाचं फाटकं चित्र चाचणीच्या आवृत्तीत घाला, आपल्याच जाळीवर एक्स्पोज करा, आपल्याच शाईने काळ्या कापडावर छापा आणि शाई पक्की झाल्यावर दिवसाच्या उजेडात पाहा. चेहरा पटला तरच पैसे द्या.