धक्का कोणी दिला?

न्यूटनचा पहिला नियम शिकवताना हटकून येणारं उदाहरण म्हणजे गाडीने ब्रेक मारला की प्रवासी पुढे फेकला जातो. वसई-विरारच्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही. विरार लोकलची गर्दी त्यांनी अंगावर झेललेली असते. पण नेहमीच्या पद्धतीने सांगितलं, तर हे उदाहरण नियमाच्याच मुळावर येतं. मूल फेकणारा शोधतं आणि तो सापडला नाही की ‘जडत्वाचं बल’ असं काहीतरी मनाशी रचतं. बालभारतीच्या पुस्तकांत बल सहावीत भेटतं, गतीचे तिन्ही नियम नववीत. मधल्या काळात हा समज चांगला मुरतो. मग व्याख्या बिनचूक लिहिली जाते आणि मनात ॲरिस्टॉटल कायम राहतो: ढकलणारा असेल तोवरच वस्तू चालणार.

यावर मी एक शिस्त सुचवते. बलाचा बाण काढण्याआधी मुलाने दोन नावं सांगायची: बल कोण लावतं आणि कोणावर. नावं सांगता आली नाहीत तर बाण पुसायचा. लोकलचंच घेऊ. ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने धावणारी गाडी २५ सेकंदांत थांबली असं धरा. वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो. ५० किलो वस्तुमानाच्या मुलाचा वेग तसाच घटवायला ४० न्यूटन बल लागतं; चार किलोची पिशवी धरून ठेवायला लागतं साधारण तेवढंच. ते लावतं कोण? पायाखालचा डब्याचा तळ, हातातली कडी आणि ऐन गर्दीत पुढच्या माणसाची पाठ. तिन्ही बलं मागच्या दिशेने आहेत. पुढे ढकलणारं कोणीच नाही. मूल जात होतं तसंच जाऊ पाहतं, मंदावते ती गाडी. शिवाय मोटरमन दोन स्टेशनांच्या मधे मोटारींची वीज तोडतो, तरी बारा डब्यांची गाडी धावतच राहते. तिचा वेग हळूहळू कमी होतो खरा, पण तो कमी करणारेही नावानिशी सांगता येतात: समोरची हवा, रूळ, बेअरिंगमधलं घर्षण.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. धक्का जाणवतो, तो नाहीच म्हणणं म्हणजे पुस्तकासाठी मुलाच्या अंगाला खोटं पाडणं. तसं करूच नये. अंगाला जाणवतं ते डब्याच्या आतून पाहिलेलं असतं. नायगावच्या फलाटावरून पाहणाऱ्याला मात्र कोणीही फेकलं जाताना दिसत नाही. डब्याच्या आतून हिशेब मांडायची रीतही आहे, पण ती कॉलेजात शिकावी. शाळेत पाहण्याची जागा एकच ठरवावी आणि ती फलाटाची असावी. गुरुत्वाकर्षणात स्पर्श नसतो, तिथे कोणाचं नाव घ्यायचं, असंही विचारलं जातं. पृथ्वीचं.

उरला वेळेचा आणि गुणांचा प्रश्न. व्याख्येला गुण आहेत, उदाहरणं सोडवता येतात, मग एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पना तपासणारी, आकडेमोड नसलेली प्रश्नावली तयार केली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी ती विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा अवघड गणितं सोडवणारी मुलंसुद्धा या साध्या प्रश्नांत अडखळली. हार्वर्डची ही गत, तर सूत्रात आकडे भरता आले म्हणून आपण निर्धास्त होण्याचं कारण नाही.

तिसऱ्या नियमात तर ही दोन नावं मला अपरिहार्यच वाटतात. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध, मग त्या एकमेकींना खोडत का नाहीत? अर्नाळ्याला होडीतून वाळूवर उडी मारणारा होडीला मागे रेटतो आणि होडी त्याला पुढे. बलं सारखीच, पण एक होडीवर लागतं, दुसरं माणसावर. खोडायला ती एकाच वस्तूवर लागायला हवीत. रिकामी होडी झटकन मागे सरते, जाळी आणि बर्फ भरलेली मोठी बोट हललेलीही कळत नाही. इथे दुसरा नियम न बोलावता हजर होतो. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा आधार यांना क्रिया-प्रतिक्रिया म्हणण्याची जुनी चूकही इथेच पकडता येते. खऱ्या जोडीत त्याच दोन नावांची अदलाबदल होते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर जोडीला पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल त्यात येतच नाही.