महाबळेश्वरचा आठवडा विकताना

वेण्णा तलावावर मे महिन्यात नौकाविहारासाठी रांगा लागतात. जुलैत त्याच काठावर दाट धुके आणि कोसळता पाऊस. टाइमशेअरचा भाव या फरकातच असतो. विकायची असते ती खोली नव्हे, करारातील उरलेल्या वर्षांचा वापरहक्क. २५ वर्षांपैकी ९ उरली असतील, तर मूळ किमतीचा आग्रह व्यर्थ; वार्षिक देखभाल शुल्क तर न जाताही भरावे लागते.

मेचा आठवडा नात्यागोत्यात, पेढीच्या ओळखीत स्वतःच विकता येतो. जुलैसाठी दलाल गाठावा लागतो, कारण चातुर्मासात आपल्यातले गिऱ्हाईक विरळाच. ‘गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणत काही दलाल नोंदणीचे पैसे आधी मागतात. माझे बँकेतले मन सांगते, दलाली हस्तांतरानंतरच द्यावी. हस्तांतर शुल्काचा आकडा आणि थकबाकी नसल्याचा दाखला मात्र सौद्याआधीच कंपनीकडून लेखी घ्यावा.